आधी एमजी, मग एमएल

केसपेपरवर लिहिलं होतं : ‘सिरप पॅरासिटामॉल 5 एमएल, दिवसातून तीनदा’. मूल आठ किलोचं, कातकरी वाडीवरून आणलेलं, अंग चटके बसावेत असं तापलेलं. मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. कपाटातून बाटली काढली, झाकणात पाच एमएल ओतलं आणि आईच्या हातात देणार तेवढ्यात पलीकडे रजिस्टर भरत बसलेल्या मोठ्या सिस्टरनी मान वर न करताच विचारलं, “एमजी किती?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी बाटली मागून घेतली आणि लेबल माझ्याकडे वळवून धरलं. त्या आठवड्यात नवा साठा आला होता. जुन्या बाटलीत पाच एमएलमध्ये 125 एमजी औषध होतं, नव्या बाटलीत 250. डॉक्टरांच्या डोक्यात जुनी बाटली होती, माझ्या हातात नवी. किलोला 15 एमजी धरलं तर त्या बाळाला एका वेळी 120 एमजी पुरत होतं, म्हणजे नव्या बाटलीतलं जेमतेम अडीच एमएल. मी दुप्पट पाजायला निघाले होते, आणि तेही दिवसातून तीनदा. त्याच कपाटात थेंबांची छोटी बाटलीही होती. तिच्यात एका एमएलमध्ये 100 एमजी. चुकून ती हाताला लागली असती आणि तिच्यातलं पाच एमएल गेलं असतं, तर चौपटीहून जास्त.

तेव्हापासून हाताला एक सवय लागली. एमएलचा आकडा आधी कधीच मनात आणायचा नाही. रुग्णाला औषध किती जायला हवं ते एमजीमध्ये ठरवायचं, मग हातातल्या बाटलीचं लेबल वाचायचं आणि शेवटी एमएल काढायचे. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं : हवी असलेली मात्रा भागिले लेबलवरची मात्रा, गुणिले ती मात्रा ज्या द्रवात आहे तो द्रव. हे सूत्र परीक्षेत सगळ्यांना येतं. रात्री अडीच वाजता, दोन बाळं रडत असताना आणि सलाइन संपत आलेलं असताना ते आठवायला लागू नये, बोटांतच असावं, एवढ्यासाठी हा लेख.

जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या ज्या मुलामुलींची पोस्टिंग शहापूर-मुरबाडकडे लागते, त्यांना मी आधी कसाऱ्याचा नकाशा दाखवते. मुंबईची लोकल इथे संपते. पुढे थळ घाट चढून गाड्या इगतपुरीला जातात. आजूबाजूला ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे, आणि कितीतरी पाड्यांवरून पावसाळ्यात डांबरी रस्त्याला लागायचं म्हणजेच तासाभराची चाल. मोठ्या शहरात औषध चुकलं तर शेजारच्या इमारतीत आयसीयू असतो. इथे प्राथमिक आरोग्य केंद्रातून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून ठाणे, हा प्रवास त्या चुकीसकट करावा लागतो. शिवाय इथल्या माणसांची वजनं कमी. चाळीस किलोची बाळंतीण आणि आठ किलोचं दोन वर्षांचं मूल इथे रोज दिसतं. पुस्तकातला साठ-सत्तर किलोचा ‘ॲडल्ट’ क्वचितच भेटतो. म्हणून वय बघून अंदाजाने मात्रा ठरवू नका, वजन करा.

औषधशास्त्राच्या जाड पुस्तकातली चार पानं मात्र इथे रोज लागतात. औषध शरीरात शिरतं, रक्ताबरोबर पसरतं, बहुतेक वेळा यकृतात मोडतं आणि मूत्रपिंडातून किंवा पित्तावाटे बाहेर पडतं. शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन ही त्याची पुस्तकी नावं. पैकी शेवटची दोन नीट समजली की वेळापत्रक समजतं. पॅरासिटामॉलचा निम्मा साठा दोन-तीन तासांत रक्तातून जातो, म्हणून ते सहा-सहा तासांनी देता येतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनला निम्मं व्हायला तीस ते पन्नास तास लागतात, म्हणून दिवसाला एकच गोळी आणि पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर. “डोकं दुखलं की मी प्रेशरची गोळी घेतो,” असं सांगणाऱ्या आजोबांना हे समजावणं तुमचं काम आहे. डॉक्टरांकडे साठ रुग्णांची रांग असते. आणि म्हाताऱ्या माणसाचं मूत्रपिंड थकलेलं असेल, तर मूत्रपिंडातून बाहेर पडणारं औषध त्याच्या अंगात जास्त काळ रेंगाळतं हेही ध्यानात ठेवा.

औषध देताना पाच गोष्टी बरोबर हव्यात हे तुम्हाला पाठ आहे : रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. सहावी नोंद. यातली पहिली सर्वांत सोपी वाटते आणि तीच इथे फसवते. एका वॉर्डात दोन वाघ आणि तीन मुकणे सहज असतात, त्यात दोघींचं नाव सुनीता. तुम्ही “सुनीता ना तुम्ही?” असं विचारलंत की समोरची बाई मान हलवणारच, कारण सिस्टरला नाही म्हणायचं नसतं. प्रश्न उलटा करा. “नाव काय तुमचं? नवऱ्याचं नाव? पाडा कुठला?” तिच्या तोंडून ऐका आणि केसपेपरशी ताडा. खाटेच्या नंबरावर कधीच विसंबू नका. दुपारी खिडकीतून ऊन आलं की बायका आपसांत खाटा बदलतात.

आकडे कसे लिहायचे यालाही शिस्त हवी. ‘.5’ लिहिलं की टिंब पुसट होऊन पाच वाचलं जातं, म्हणून ‘0.5’ लिहा. ‘5.0’ लिहिलं की पन्नास होतं, म्हणून नुसतं ‘5’. युनिट हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी यू काढलात तर घाईत तो शून्य दिसतो आणि दहा युनिटचे शंभर होतात. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहा, कारण मिलिग्रॅम त्याच्या हजारपट. घाटाजवळ फोनची रेंज तुटते, त्यामुळे डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली मात्रा परत म्हणून दाखवा, तीही आकडा सुटा करून : “एक-पाच, पंधरा.” फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फोनवर काडीचा फरक उरत नाही.

आता विंचू आणि साप. भातलावणीपासून कापणीपर्यंत या दोघांशी तुमची गाठ पडणारच, आणि औषधाच्या मात्रेमागचा विचार शिकायला यांच्यासारखे गुरू नाहीत.

कोकणपट्टीतला लाल विंचू चावला की नुसतं दुखून थांबत नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग श्वास लागणं. 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा रुग्णांना वाचवणारं खात्रीचं औषध हाताशी नव्हतं. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. मृत्यू हृदय थकून आणि फुप्फुसात पाणी भरून होतो, हे त्यांनी नोंदवलं. 1982 साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. विषामुळे शरीर ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं बेसुमार सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती ही आवळ सैल करते. ग्रामीण आरोग्य केंद्रातल्या निरीक्षणातून पुढे आलेल्या या उपचाराने विंचूदंशाचे मृत्यू फार खाली आले. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

नर्सने यातून काय घ्यायचं? मुलांमधली मात्रा किलोला 30 मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला 450 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक एमजीच्या साध्या गोळीची साधारण अर्धी. हातपाय गरम होईपर्यंत डॉक्टर ती तीन-तीन तासांनी पुन्हा द्यायला सांगतात. नावापुढे ‘एक्सएल’ असलेली, हळूहळू विरघळणारी गोळी या कामाची नाही, ती मोडून तर मुळीच देऊ नका. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मूल आडवंच ठेवा. लघवीसाठी उभं करायचं नाही, कडेवर घेऊन फिरवायचं नाही. आजीला हे दोनदा सांगा. कारण मूल रडलं की आजी उचलणारच.

सर्पविषावरच्या लशीचं गणित याच्या नेमकं उलट आहे, आणि विद्यार्थी इथेच हमखास चुकतात. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. ती घोड्यांच्या रक्तातून तयार होते. परळची हाफकिन संस्था या कामासाठी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. विषबाधेची लक्षणं असली की सुरुवातीला साधारणपणे दहा व्हायल दिल्या जातात, आणि पाच वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच. कारण लस माणसाच्या वजनाशी नव्हे तर विषाशी लढते आणि साप समोरचा लहान आहे म्हणून विष कमी सोडत नाही. वजनाप्रमाणे बदलतं ते सलाइन, ज्यात लस मिसळायची. पावडरीची व्हायल दहा एमएल निर्जंतुक पाण्यात विरघळवा, पण खळखळून हलवू नका. फेस होतो आणि औषध वाया जातं. तळहातांत धरून हळूहळू फिरवा. दहा व्हायल विरघळायला वेळ लागतो, तेव्हा मदतीला कुणाला तरी हाक मारा.

लशीची चाचणी-मात्रा देऊ नका, तिच्यावरून प्रतिक्रिया येणार की नाही हे कळत नाही. त्याऐवजी लस सुरू करायच्या आधी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ट्रेमध्ये ठेवा. एका ॲम्प्युलमध्ये एक एमएल, त्यात एक एमजी. मोठ्या माणसाला लागलं तर अर्धा एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मुलाला किलोला 0.01 एमएल. मग खाटेजवळून हलू नका. अंगावर गांधी, खाज, ओठ सुजणं, आवाज घोगरा होणं यातलं काहीही दिसलं की आधी लस थांबवा, मग डॉक्टरांना हाक. रक्त गोठतं की नाही ते पाहायला दोन एमएल रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसवा येतो. वीस मिनिटं घड्याळाने मोजा. आणि पहाटे झोपेतून उठून पोट दुखतंय म्हणणारा, पापण्या जड झालेला, जमिनीवर झोपलेला माणूस आला तर दंशाची खूण दिसत नाही म्हणून घरी पाठवू नका. मण्यार असाच चावतो. भगताकडे जाऊन आलेल्यावर तोंडसुख घेऊ नका. कधी चावलं, कुठलं मूळ पोटात गेलं, पट्टी कधी बांधली, हे त्याच्याकडूनच कळणार आहे.

प्रसूतिगृहात धोका वेगळ्या रूपात येतो. ॲम्प्युल इवलेसे, काच सारखी, रंग सारखे. बाळ जन्मल्यावर पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून आईला ऑक्सिटोसिन दहा युनिट स्नायूत द्यायचं. पाच युनिटचे ॲम्प्युल असतील तर दोन. बाळाला व्हिटॅमिन के एक एमजी. याच ट्रेमध्ये मेथर्जिन असेल आणि ते व्हिटॅमिन के समजून बाळाला टोचलं गेलं तर बाळाचा श्वास थांबू शकतो, झटके येऊ शकतात. अशा चुका जगभर नोंदल्या गेल्या आहेत. उपाय साधा : आईचा ट्रे वेगळा, बाळाचा ट्रे वेगळा, दोन वेगळ्या टेबलांवर. रक्तदाब वाढलेल्या आईला मेथर्जिन द्यायचं नाही. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. रात्रभर वीज गेलेली असेल तर सकाळी फ्रिजमधला थर्मामीटर बघितल्याशिवाय ते बिनधास्त वापरू नका.

मॅग्नेशियम सल्फेटवर थोडं थांबू. गरोदर बाईला झटके आले आणि तिला पुढे पाठवायचं असेल, तर केंद्रातच पहिली मात्रा देतात : दोन्ही ढुंगणांत पाच-पाच ग्रॅम, खोल स्नायूत. हे ऐकलं की नवीन मुलगी विचारते, “म्हणजे किती एमएल?” तेव्हा लेबल बघायचं. 50 टक्क्यांच्या ॲम्प्युलमध्ये दोन एमएल आणि एक ग्रॅम. पाच ग्रॅमला पाच ॲम्प्युल, दहा एमएल. दोन्ही बाजू मिळून दहा ॲम्प्युल फोडावे लागतात, तेव्हा मोठ्याने मोजत फोडा आणि रिकामे ॲम्प्युल रांगेत मांडून ठेवा, कुणीतरी डोळ्यांनी मोजेल. साठ्यात 25 टक्क्यांचे ॲम्प्युल आले असतील तर तेवढ्याच ग्रॅमला दुप्पट द्रव लागेल. पुढची मात्रा द्यायच्या आधी गुडघ्याचा झटका (नी जर्क) येतो का, मिनिटाला श्वास किमान सोळा आहेत का, लघवी तासाला किमान 30 एमएल होते का, हे तिन्ही बघा. एकही कमी असेल तर सिरिंज खाली ठेवा. कॅल्शियम ग्लुकोनेट, 10 टक्के, 10 एमएल, हा उतारा ट्रेमध्ये हवाच.

आणि रेफर चिठ्ठी! औषध, ग्रॅम, कुठे टोचलं, किती वाजता. ही ओळ राहिली तर ठाण्यातली सिस्टर पूर्ण मात्रा पुन्हा देईल आणि तिची त्यात काही चूक नसेल. 108 ची गाडी दारात हॉर्न वाजवत असली तरी ही ओळ लिहून मगच चिठ्ठी हातात द्या. चिठ्ठी हरवते म्हणून मी आशाताईलाही तोंडी सांगत असे, आणि शक्य झालं तर पुढच्या रुग्णालयात फोन.

इन्सुलिनची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडे व्हायलमध्ये बहुधा एका एमएलला 40 युनिट, पेनच्या काडतुसात 100. सिरिंजही दोन जातींच्या, लाल टोपीची 40 साठी, नारिंगी टोपीची 100 साठी. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ओढलं तर रुग्णाला वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. पोटॅशियम क्लोराइडचं त्याहून सोपं आणि त्याहून भयंकर : दहा एमएलचा तो ॲम्प्युल पाण्यासारखा दिसतो, आणि शिरेत सरळ ढकलला तर हृदय थांबतं. तो नेहमी सलाइनच्या बाटलीतून, मिसळून, हळूच. डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी तो ठेवलेला दिसला तर विचारत बसू नका, उचला आणि कुलपात ठेवा.

वॉर्डाच्या बाहेर औषध रुग्णाच्या हातात जातं. क्षयाच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो आणि गोळ्या पत्र्याच्या पेटीत जातात. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, आणि चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते, म्हणून चहा आणि गोळी यांत तासा-दोन तासांचं अंतर. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पेल्यात नव्हे. पाड्यावर लिटरची रिकामी बाटली सापडतेच, तीच माप म्हणून दाखवा आणि पाणी उकळून गार केलेलं घ्यायला सांगा. मुंबईची तहान भागवणारं भातसा-वैतरणेचं पाणी याच शहापूर तालुक्यातून जातं आणि उन्हाळ्यात इथल्या बायका टँकरची वाट पाहतात, तेव्हा ‘स्वच्छ पाणी घ्या’ एवढं सांगून भागत नाही. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी शेतावर जाऊ नका, हेही. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, त्याआधी विचारा, “कुठे जाणार? किती महिने?” आणि तेवढ्या गोळ्यांची आणि जिथे जाणार तिथल्या केंद्राची सोय लावा. सगळं सांगून झालं की त्यांनाच परत सांगायला लावा, “घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, मला दाखवा बघू.” चुकलं तर हसू नका.

एवढं करूनही कधीतरी चुकेल. माझं चुकलं आहे. चुकलं की आधी रुग्णाकडे धावा : नाडी, श्वास, रक्तदाब. मग डॉक्टरांना सांगा, मग लिहा, जसं घडलं तसं. नोंदीत खाडाखोड करू नका, एक रेघ मारून सही करा. औषधाची विपरीत प्रतिक्रिया वाटली तर भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा फॉर्म भरा. त्यांचा 1800-180-3024 हा टोल-फ्री क्रमांक नर्ससाठीही आहे, फक्त डॉक्टरांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांतून होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. जिथे चूक सांगणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर झापलं जातं, तिथे पुढची चूक लपवली जाते. हे वरिष्ठांनाही सांगून ठेवते.

पॅरासिटामॉलच्या त्या बाटलीवरून मोठ्या सिस्टर मला ओरडल्या नाहीत. दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवून त्यांनी मला वजनावरून हिशेब करायला लावला आणि तो केसपेपरवर लिहून घेतला. पण त्यासाठी त्या बाळाचं वजन खरं असायला हवं होतं. म्हणून पोस्टिंगच्या पहिल्या सकाळी एक करा : वॉर्डातला वजनकाटा शून्यावर येतो का ते बघा, एक लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवून एक किलो दाखवतो का तेही बघा, आणि बिघडलेला असेल तर त्याच दिवशी इंडेंट भरा.